पाहुणीचा नारळ

दिवाळीपासून एप्रिलपर्यंत माझ्या कॉलेजच्या बॅगेत एक नारळ होता. भूगोलाची वही, डबा, पाण्याची बाटली आणि तो. जीपमध्ये बॅग मांडीवर घेतली की त्याची शेंडी पोटाला टोचायची. शेजारची बाई बॅग चाचपून विचारायची, "देवाला चाललीस?" मी म्हणायचे, "नाही, लेक्चरला." पुढचं सांगायला लागले असते तर माझं उतरायचं ठिकाण मागे गेलं असतं. म्हणून ते इथे सांगते. नीट जमेल की नाही, माहीत नाही.

माझा मामा झाडं पाडतो. तलासरीच्या पाड्यांपासून खाली समुद्रापर्यंत कुणाच्या कौलांवर झाड कललं, कुणाच्या वाडीतला जुना आंबा आतून पोखरला, की मामाला फोन येतो. त्याची टोळी म्हणजे तो, दोर सांभाळणारे एक काका आणि मशीन. मशीन म्हणजे पेट्रोलवर चालणारी करवत. काकांना मामा कधीमधी ओरडतो, मशीनला कधीच नाही.

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. त्यामुळे पाड्यावर कुणालाही कुठलाही अर्ज लिहायचा असला की तो माझ्यापर्यंत येतो. मामाचे झाड तोडायच्या परवानगीचे अर्जही मीच लिहिते. कागद हातात आल्याशिवाय मामा मशीन चालू करत नाही. पहिल्याच अर्जात एक ओळ होती, झाड तोडण्याचे कारण. मी विचारलं, "काय लिहू?"

"लिही, झाड पडणारच हाय. कुठं पडायचं तेवढं आम्ही ठरवणार."

मी "धोकादायक" असं लिहिलं, कारण तेवढीच जागा होती. पण मामाचं वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही. पुढच्या रविवारी मी ते बघायला गेले.

झाड पडताना सुरुवातीला काहीच होत नाही. मशीन थांबतं, सगळे मागे सरतात, आणि झाड तसंच उभं असतं. आपल्याला वाटतं, चुकलं काहीतरी. मग शेंडा आभाळात बोटभर सरकतो. मग हातभर. आणि त्यानंतर ते इतकं पटकन खाली येतं की आपण श्वास घ्यायचा विसरतो. त्या दिवशी मामानं निलगिरीचं एक उंच झाड गोठा आणि विजेचा खांब यांच्यामधून बरोबर शेतात आडवं केलं. गोठ्यातल्या म्हशीनं मान वर करून पाहिलं आणि परत रवंथ सुरू केलं.

मी म्हटलं, "मामा, मला हे शिकायचंय."

मामानं माझ्याकडे पाहिलं, मग काकांकडे. काका म्हणाले, "शिकू दे. अर्ज लिहिणारी टोळीतच असली तर बरं."

"शीक," मामा म्हणाला. "पण नारळ फुटेपर्यंत तू पाहुणी."

आता नारळाबद्दल. आमच्याकडे कुठल्याही कामाआधी नारळ फोडतात, त्यात नवीन काही नाही. पण मामाच्या टोळीत नव्या माणसाचा नारळ हातानं फोडत नाहीत. नव्या माणसानं झाड बघायचं, ते कुठे पडेल ते ठरवायचं आणि त्या रेषेवर, खोडाचा मध्य जिथे येईल तिथे, आपला नारळ ठेवायचा. मग आपल्या हातानं झाड पाडायचं. झाडानं नारळ फोडला की ते खोबरं सगळ्यांनी खायचं, आणि तो माणूस टोळीचा. नाही फुटला तर तोच नारळ पुढच्या झाडाला. बदलायचा नाही. मी एकदा हळूच विचारलं होतं की नारळ बदलला तर झाडाला कसं कळणार. मामा म्हणाला, "झाडाला नाय कळत. तुला कळल."

आणि तोपर्यंत पाहुणी. हे ऐकायला बरं वाटतं, पण फार वाईट असतं. पाहुणीला सावलीत बसवतात. पाहुणीच्या हातातून जड वस्तू काढून घेतात. जिथे जाऊ तिथे चहा आला की पहिला कप पाहुणीला, आणि सगळे उभे राहून तिचा कप संपायची वाट बघतात. मी चहा पटकन पिऊन जीभ भाजून घ्यायचे.

माझा नारळ तीनदा हुकला. पहिल्यांदा वाळका आंबा होता. तो नारळाच्या डावीकडे दोन हात पडला. दुसऱ्यांदा सुबाभूळ होती. तिच्या फांदीनं नारळ असा उडवला की तो उतारावरून ओढ्यात गेला आणि काका त्याच्यामागे धावले. तिसऱ्यांदा झाड पाडलंच नाही. मी मशीन धरून इतका वेळ विचार करत उभी राहिले की मामानं ते काढून घेतलं. माझी ही सवय जुनी आहे. परीक्षेतसुद्धा मी पहिलं वाक्य लिहायला फार वेळ लावते.

पण मी शिकत होते. आधी खाच. झाड जिकडे पाडायचं तिकडच्या बाजूनं बुंध्यात उघड्या तोंडासारखी खाच घ्यायची. मग मागच्या बाजूनं कापत यायचं, पण आरपार नाही. मध्ये चार बोटं लाकूड ठेवायचं. त्या लाकडाला मामा बिजागरी म्हणतो, आणि ते खरंच दाराच्या बिजागरीसारखं काम करतं. झाड तिच्यावर वळून खाली येतं. बिजागरी पूर्ण कापली तर झाड कुणाचं ऐकत नाही. झाड एका बाजूला कललेलं असेल तर बिजागरीची उलटी बाजू जाड ठेवायची, म्हणजे ती त्याला शेवटपर्यंत धरून ठेवते. मी हे सगळं वहीत चित्रं काढून लिहिलं. मामानं वही बघितली आणि म्हणाला, "छान. आता वही ठेव आणि लाकडाचा आवाज ऐक."

सगळ्यात अवघड होतं उंची मोजणं. म्हणजे मामाला ते सोपं वाटायचं, मलाच लाज वाटायची. झाडाकडे पाठ करून उभं राहायचं, पाय फाकवायचे, कमरेत वाकायचं आणि दोन पायांमधून मागे बघायचं. शेंडा दिसेपर्यंत असंच वाकत वाकत पुढे सरकायचं. जिथे शेंडा जेमतेम दिसतो, तिथून बुंध्यापर्यंत जेवढी पावलं, तेवढं झाड उंच. मी पहिल्यांदा असं वाकले तेव्हा पायांमधून मला झाड दिसलं नाही. एक बकरी दिसली. ती जवळ येऊन माझ्याकडे बघत होती आणि तिच्यामागे पाड्यावरची सहा माणसं बघत होती.

एप्रिलमध्ये घोलवडच्या पुढे समुद्रकाठच्या एका वस्तीतून फोन आला. घराच्या मागे सुरूचं झाड वाळलंय, स्वयंपाकघराकडे कललंय, पावसाच्या आत पाडायला हवं. अर्ज मीच लिहिला, कागद आला, आणि एका रविवारी पहाटे आम्ही जीपनं निघालो. मशीन मामाच्या पायांत, दोर काकांच्या खांद्यावर, नारळ माझ्या मांडीवर. चिकूच्या वाड्या संपल्या आणि खारा वास यायला लागला तेव्हा मामा म्हणाला, "आज तूच पाडायचं. आज फुटला नाय तर पावसाळा येईल, मग दसऱ्यापर्यंत पाहुणी."

दसऱ्यापर्यंत जीभ भाजायची. मी नारळाची शेंडी बॅगेत आत दाबली.

त्या घरची बाई सुके बोंबील विकते. सगळी वस्ती तिला मावशी म्हणते, म्हणून आम्हीही म्हटलं. मागच्या अंगणात डाव्या हाताला कौलारू स्वयंपाकघर, समोर समुद्राच्या दिशेनं वाळूची एक मोकळी पट्टी, आणि पट्टीच्या शेवटी बांबूच्या रांगा. रांगांवर बोंबील जोडीजोडीनं टांगलेले, एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवून. शेकडो तोंडं एकमेकांना धरून ऊन खात होती. आणि आमच्या डोक्यावर ते सुरूचं झाड, करडं, वाळलेलं, स्वयंपाकघराकडे थोडं झुकलेलं, जणू आत काय शिजतंय ते बघायला.

काकांनी कुऱ्हाडीच्या पाठीनं बुंध्यावर आणि जरा वर ठोकलं. खाली आवाज भरीव, वर पोकळ. म्हणजे चढून तुकड्यातुकड्यांनी उतरवायचा प्रश्नच नव्हता. चढणाऱ्यासकट मोडलं असतं. एकच वाट होती, वाळूची पट्टी. डावीकडे गेलं तर मावशीचं स्वयंपाकघर जाणार. सरळ गेलं आणि लांब निघालं तर तिचे बोंबील.

"कोण पाडणार?" मावशीनं विचारलं.

"ही," मामा म्हणाला.

मावशीनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "ही काय करते?"

"कॉलेजात हाय."

"मग तिला पहिला चहा देते," असं म्हणून ती आत गेली. 

चहा झाल्यावर मामा म्हणाला, "मोज." मी आजूबाजूला बघितलं, बकरी नव्हती. ओढणी कमरेला बांधली, पाठ केली आणि वाकले. शेंडा दिसला तिथे थांबले आणि टाचेनं वाळूत रेघ मारली. रेघ बोंबलांच्या खूप अलीकडे होती, आठ-दहा पावलं. मला हायसं वाटलं.

"थांब," मामा म्हणाला. तोही वाकला. वाकताना त्याच्या तोंडून आवाज आला. तो सरकत सरकत माझ्या रेघेच्या पुढे गेला, अजून पुढे गेला, बोंबलांच्या पहिल्या रांगेखाली शिरला, दुसरीखाली शिरला आणि तिथून ओरडला, "इथं!"

मावशी दारात उभी होती. "तुमच्यात देवाला असा नमस्कार करतात होय? उलटा?"

"झाड मोजतोय, मावशी," मी म्हटलं.

"दोघांनी मोजलं, दोन झाडं निघाली. माझ्या अंगणात एकच हाय."

मामा बोंबलांखालून बाहेर आला. त्याच्या केसांत एक शेपटी अडकली होती. तो म्हणाला, "वीस वरसं असंच मोजतोय. माझंच बरोबर." मग केसांतली शेपटी काढत म्हणाला, "हल्ली मात्र झाडं बुटकी निघतात. मोजतो एवढं, पडतं एवढं."

माझ्या डोक्यात काहीतरी हललं. मी मामाला म्हटलं, "परत वाक." तो वाकला. मग मी त्याच्या शेजारी वाकले. काकांना विचारलं, कोण जास्त वाकलंय.

काका लांबून बघून म्हणाले, "तू. तुझं डोकं गुडघ्याला लागतंय. ह्याचं कमरेतच अडकलंय."

तेच होतं. मी जास्त वाकत होते म्हणून माझी नजर वर चढत होती, झाडाच्या जवळ उभं राहूनही मला शेंडा दिसायचा, आणि झाड लहान वाटायचं. मामाची कंबर आता वाकत नव्हती, म्हणून त्याला लांब जावं लागायचं, आणि झाड मोठं निघायचं. झाडं बुटकी झाली नव्हती. मामा ताठ झाला होता. हे मी इतक्या सरळ म्हटलं नाही. मी म्हटलं, "मामा, हे माप माणसागणिक बदलत असेल बहुतेक."

मामा वाळूत बसला. वीस वर्षांचं माप एका सकाळी हातातून गेलं की माणूस बसणारच. "मग कुणाची कंबर धरायची?"

"कुणाचीच नको." भूगोलाच्या प्रॅक्टिकलला आम्ही कॉलेजच्या झेंड्याच्या खांबाची उंची सावलीवरून काढली होती. तेव्हा मला वाटलं होतं, हे कुठे कामाला येणार. "एक काठी वाळूत उभी करायची. काठीची सावली काठीएवढी झाली की त्याच वेळी झाडाची सावली झाडाएवढी असते. सकाळी सावली समुद्राकडेच पडते. झाड कुठवर येईल ते जमिनीवर दिसेल."

"झाड स्वतःच सांगल?"

"हो."

हे मामाला पटलं. त्यानं काठी कापून दिली, मी ती वाळूत सरळ रोवली आणि तिची लांबी वाळूवर आखून ठेवली. मग आम्ही सावली आखडायची वाट बघत बसलो. सावलीला घाई नसते. दरम्यान काकांनी दोर चढवायचं काम काढलं. झाडावर चढता येत नव्हतं, म्हणून त्यांनी गलोल आणली होती. मावशीनं जाळ्याचा नायलॉनचा धागा आणि जाळ्याला लावायच्या शिशाच्या गोळ्या दिल्या. काकांनी धागा बांधलेली गोळी शेंड्याखालच्या बेचक्यातून पलीकडे मारली, धाग्यामागून सुतळी ओढली, सुतळीमागून दोर. तिसऱ्या नेमाला जमलं. पहिली गोळी शेजारच्या पत्र्यावर वाजली आणि आतून कुणीतरी शिव्या दिल्या. दुसरी सापडलीच नाही. दोराचं टोक उजवीकडच्या ताडाला बांधलेल्या कप्पीतून घेतलं, म्हणजे ओढणारे बाजूला राहतील आणि झाड स्वयंपाकघरापासून दूर खेचलं जाईल.

साडेनऊच्या सुमाराला काठीची सावली रेघेला येऊन टेकली. मी ओरडले, "आता!" आणि सगळे झाडाच्या सावलीचं टोक बघायला धावलो.

टोक बोंबलांच्या पहिल्या रांगेवर होतं. माझी रेघ खूप अलीकडे होती, मामाची खूप पलीकडे, आणि शेंड्याची बारीक फाटकी सावली बरोबर पहिल्या रांगेतल्या बोंबलांवर हलत होती.

मी म्हटलं, "मावशी, पहिल्या दोन रांगा उतरवाव्या लागतील."

"का? सावली पडली तर बोंबील मोडतात?"

"सावलीच्या जागी झाड येणार."

"परवापासून वाळतायत. आज उतरवून ढीग केला तर मऊ पडतील, वास मारतील. तुझा मामा म्हणतो तो वीस वरसं झाडं पाडतो. थोडं अलीकडे पाड म्हणावं."

"अलीकडे पाडता येत नाही. झाड जेवढं आहे तेवढंच पडणार."

"मग तिरकं पाड."

"तिकडे तुमचं स्वयंपाकघर आहे."

मावशी मामाकडे वळली. मामा दोराची गाठ बघत होता, खरं तर ती बघायची गरज नव्हती. काका ताडाकडे बघत होते. मला कळलं की आता मीच बोलायचंय. एरवी मी म्हटलं असतं, बघूया, बहुतेक नाही लागणार. पण सावली बोंबलांवर हलत होती आणि मला ती दिसत होती. मी मशीन उचललं, पडवीत नेऊन ठेवलं आणि त्याच्याशेजारी बसले.

"रांगा रिकाम्या झाल्याशिवाय मी मशीनला हात लावणार नाही," मी म्हटलं.  "ढीग नको करायला. कुंपणाच्या तारेवर टांगू. आम्ही टांगतो."

मावशीनं पदर खोचला. मग म्हणाली, "कॉलेजात हेच शिकवतात का, बसून राहायचं?" आणि पहिल्या रांगेकडे चालू लागली.

दोन रांगा म्हणजे किती बोंबील असतात याचा मला अंदाज नव्हता. आम्ही चौघं आणि शेजारच्या पत्र्याखालून शिव्या देणारे आजोबा, सगळ्यांनी ते कुंपणावर नेऊन टांगले. मी टांगलेले दोनदा पडले. मावशी म्हणाली, "जबड्यात जबडा घाल गो, नुसती ओळख करून देऊ नको." पुढचे दोन दिवस वर्गात माझ्या शेजारी कुणी बसलं नाही.

मग नारळ. मी बुंध्यापासून झाडाच्या निम्म्या अंतरावर, पट्टीच्या बरोबर मधोमध तो ठेवला. मावशीनं विचारलं, हे कशाला. काकांनी तिला सगळी रीत सांगितली. ती म्हणाली, "आणि फुटला नाय तर?"

"तर ही पाहुणी," मामा म्हणाला.

मामानं त्याचं मोटरसायकलचं हेल्मेट माझ्या डोक्यावर घातलं. ते नाकापर्यंत आलं. आम्ही मागे पळायच्या वाटेवरचे दगड आणि करवंट्या बाजूला केल्या. मी खाच घेतली. खाचेच्या मागच्या रेषेला एक काठी आडवी लावली, तिच्या मधोमध दुसरी काठी काटकोनात धरली. दुसरी काठी जिकडे बघते तिकडे झाड जातं. ती नारळाच्या उजवीकडे बघत होती. मी खाचेचा एक कोपरा दोन बोटं अजून कापला. पुन्हा काठी धरली. आता ती नारळाकडे बघत होती.

कललेलं वाळकं झाड नेहमीसारखं मागून कापत गेलं तर ते अर्ध्यातच उभं फाटतं आणि फाटलेली फळी वर उसळते. मामानं एका माणसाचा जबडा असा मोडलेला पाहिलाय. म्हणून अशा झाडाला मशीनचं नाक, म्हणजे पात्याचं टोक, बाजूनं खोडाच्या पोटात घालायचं, आतून कापत बिजागरीपर्यंत यायचं, आणि पाठीमागे लाकडाचा एक पट्टा शेवटपर्यंत धरून ठेवायचा. नाकाच्या वरच्या कोपऱ्यानं लाकूड गाठलं तर मशीन आपल्यावरच उलटतं, म्हणून आधी खालचा कोपरा टेकवायचा. हे मी ओंडक्यांवर कितीतरी वेळा केलं होतं. उभ्या झाडात पहिल्यांदाच. मी खालचा कोपरा टेकवला आणि थांबले.

मामा मागून म्हणाला, "विचार कर. पण मशीन चालू हाय तोवर कर."

मी नाक आत घातलं. बिजागरी ठेवली, स्वयंपाकघराच्या बाजूला बारीक, ताडाच्या बाजूला जाड. स्वयंपाकघराच्या बाजूनं मामानं दोन पाचरी ठोकल्या. काकांनी आणि आजोबांनी दोर ताणला. झाड आता फक्त पाठीच्या पट्ट्यावर आणि बिजागरीवर उभं होतं, आणि तरी पूर्वीसारखंच स्वयंपाकघरात डोकावत होतं. मी मागच्या बाजूला जाऊन पट्टा कापला, मशीन बंद केलं आणि तिरक्या वाटेनं मागे पळाले.

काहीच झालं नाही.

मग शेंडा बोटभर सरकला. स्वयंपाकघराकडे. मावशीनं तोंडावर पदर घेतला. दोर तंतुवाद्यासारखा वाजला, बिजागरीची जाड बाजू करकरली, आणि झाड जणू काही आठवल्यासारखं उजवीकडे वळलं आणि सरळ वाळूच्या पट्टीत उतरलं. धप्प असा आवाज झाला. आमच्याकडच्या मुरमावर झाड पडतं तेव्हा जमीन दणाणते. इथे नुसती धूळ आणि धप्प.

शेंडा पहिल्या रांगेच्या रिकाम्या बांबूवर आडवा पडला होता. बांबू मधोमध मोडला होता. मावशी तिथे जाऊन उभी राहिली. तिनं मोडलेला बांबू बघितला, मग कुंपणावरचे बोंबील बघितले. "बांबू हायेत माझ्याकडे," ती म्हणाली, एवढंच.

पण माझं लक्ष तिकडे नव्हतं. मी खोडाच्या मध्यापाशी गुडघ्यांवर बसून शोधत होते. नारळ डावीकडे नव्हता, उजवीकडे नव्हता. फुटलेला नव्हता, उडालेला नव्हता. नव्हताच. काकांनी आसपास करवंटीचा एक तुकडाही सापडत नाही म्हणून डोकं खाजवलं. मग मामानं खोड दोन ठिकाणी कापलं, आम्ही मधला ओंडका बाजूला लोटला, आणि वाळूतून एक शेंडी वर आलेली दिसली.

नारळ तिथेच होता. झाड अगदी त्याच्यावरच पडलं होतं आणि त्याला खिळ्यासारखं वाळूत ठोकून गेलं होतं. मी तो उकरून काढला. एक चीरसुद्धा नव्हती.

मावशी खाली बसून हसली. हसता हसता तिला खोकला आला. "वाळूवर नारळ ठेवून फुटायची वाट बघता होय? डोंगरातली माणसं! आमच्या इथलं तीन वरसांचं पोर पण असं नाय करणार."

 आम्ही जन्मभर मुरमावर आणि कातळावर झाडं पाडली. वाळू खाली जाते हे आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. मी नारळ पुसून बॅगेत ठेवायला लागले. दसऱ्यापर्यंत, मी मनात म्हटलं. ठीक आहे.

"आण इकडे," मावशी म्हणाली. तिनं नारळ घेतला आणि अंगणातल्या कपडे धुवायच्या दगडावर नेऊन ठेवला. "तो ओंडका उचला आणि टाका याच्यावर. झाड तेच, पोर तीच."

मामा अस्वस्थ झाला. "झाड पडतानाच फुटायला पायजे. रीत हाय."

"मामा, हे खरं धरायचं का?" मीही विचारलं. मला खरंच कळत नव्हतं. मला खोट्यानं टोळीत यायचं नव्हतं.

मामानं ओंडक्यावरची वाळू झटकली. मग मला विचारलं, "तुमच्यात पेपर परत तपासायला देतात ना?"

"देतात."

"मार्क वाढतात?"

"कधी कधी."

"मग उचल त्या बाजूनं."

आजोबा धरून आम्ही चौघांनी ओंडका उचलला, मावशीनं नारळ दगडावर नीट सरळ केला आणि हात पटकन काढला. ओंडका पडला. या वेळी दणका मुरमावरच्यासारखा झाला, आणि नारळ फुटला.

पाणी केव्हाच आटलं होतं. आत पिवळं पडलेलं खोबरं होतं, सहा महिने माझ्या बॅगेत, उन्हात, जीपमध्ये आणि एकदा ओढ्यात राहिलेलं. त्याचा वास आला तसे आजोबा आपल्या घरी निघून गेले. पण रीत म्हणजे रीत. मामानं कोयत्यानं पाच तुकडे केले, एक झाडाच्या बुंध्यापाशी ठेवला, बाकी वाटले. आम्ही उभ्यानं चावायला सुरुवात केली. इतकं खवट खोबरं मी आयुष्यात खाल्लं नव्हतं. काकांच्या डोळ्यांत पाणी आलं. मामा चेहरा न हलवता चावत राहिला आणि म्हणाला, "गोड हाय."

मावशीनं तिचा तुकडा थुंकला. "माझ्या बोंबलांना वास मारतो म्हणतात लोक!" आणि चहा ठेवायला आत गेली.

चहा आला तेव्हा मी सवयीनं हात पुढे केला. मावशीनं पहिला कप मामाला दिला, दुसरा काकांना, तिसरा स्वतः घेतला. मग मामा मला म्हणाला, "बघतेस काय? दोर गुंडाळ आधी. दुसरं कोण गुंडाळणार?"

दोर लांब होता आणि वाळूनं भरला होता. गुंडाळून होईपर्यंत माझा चहा गार झाला, आणि त्याच्यात वर एक माशी होती. ती काढून टाकली आणि मी तो प्यायले. अजिबात जीभ भाजली नाही.